थोरलीचे पत्ते

२ सप्टेंबर

आज अधीक्षकांनी खोलीत बोलावून घेतलं. मला वाटलं, पुन्हा त्यांचा प्रिंटर रुसला. पण दार लावून घ्या म्हणाले तेव्हा कळलं, प्रकरण मोठं आहे.

आमचं हॉस्पिटल आता एका मोठ्या समूहात जाणार. वर्ष संपायच्या आत आमची सगळी यंत्रं समूहाच्या मुख्य केंद्राशी जोडायची. आणि ते केंद्र फक्त नव्या पद्धतीचे पत्ते ओळखतं. आमच्याकडे झाडून सगळे जुने.

अधीक्षक डॉक्टर आहेत, त्यामुळे त्यांना अगदी मुळापासून सांगावं लागतं. मी म्हटलं, "सर, नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. जुना पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. ते पत्ते जगभरात अपुरे पडायला लागले, म्हणून नवे काढले. लांबलचक, आकडे आणि अक्षरं मिसळून. कितीही वाटले तरी संपायचे नाहीत."

"मग बदलून टाका की."

"तिथंच गोम आहे. जुन्या यंत्राला नवा पत्ता वाचताच येत नाही. काढणाऱ्यांनी तो जुन्याला कळेल असा काढलाच नाही. त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. जिथं तेही जमत नाही तिथं मध्ये दुभाषा बसवायचा."

"आणि जुनी पद्धत बंद कधी होणार?"

"शेवटचं जुनं यंत्र मरेल तेव्हा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हं. पहिल्या बाईंना एकदा विचारून घेतलंत तर?"

झालं. मला वाटलंच होतं.

पहिल्या बाई म्हणजे माझ्याआधी या खुर्चीत बसायच्या त्या. हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क त्यांनी उभं केलं, आणि मग दुसऱ्या शहरात नोकरी धरून निघून गेल्या. त्या माझ्या नवऱ्याच्याही पहिल्या बाई. मी काही हिसकावून घेतलं नाही. मी आले तेव्हा खुर्चीही रिकामी होती आणि नवराही. तरी लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी चालू बसमध्ये कुणाची तरी जागा पटकावलीय.

या वहीपुरतं मी तिला थोरली म्हणणार. म्हणजे मी धाकटी झाले, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. असो. शाईचं पेन आहे.

अधीक्षकांना म्हटलं, "गरज पडली तर विचारीन." गरज पडणार नाही.

५ सप्टेंबर

दिवसभर इमारतभर फिरले. कुठलं यंत्र दोन्ही पद्धती बोलेल, कुठलं नाही, ते बघत. ऑफिसातले कॉम्प्युटर नवे आहेत, त्यांची चिंता नाही. खरी डोकेदुखी म्हणजे यंत्रं. प्रयोगशाळेतलं रक्त तपासायचं यंत्र, एक्स-रेचं मोठं धूड, वॉर्डातले मॉनिटर. त्यांच्या पडद्यावर पत्ता भरायला चारच चौकोन. पाचवा आकडा घ्यायचं त्यांच्या नशिबात नाही.

थोरलीनं पत्ते वाटलेत मात्र असे की बघत राहावं. मजल्याप्रमाणे, विभागाप्रमाणे, प्रत्येकाला पुढे वाढायला जागा ठेवून. पत्ता बघितला की डोळे मिटून सांगता येतं, हे यंत्र तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला. मी शोधत होते की कुठे तरी गबाळेपणा सापडेल. एक सापडला, जिन्याखालच्या कपाटात. खूप बरं वाटलं. मग तारीख बघितली तर ते काम माझं निघालं.

रक्तपेढीत तिथल्या प्रमुख बाई माझ्या पाठोपाठ फिरत होत्या. "त्यांनी लावून दिलंय ना सगळं, आजवर एकदा कुरकुर नाही. तुम्ही फार हात लावू नका हं."

मी हसले. माझं हसू आता इतकं सरावाचं झालंय की त्याचा पगार वेगळा मिळायला हवा.

सर्व्हर खोलीत मात्र एक गोष्ट दिसली. वरच्या फळीवरच्या तारांना चिठ्ठ्या चिकटवल्यात. बहुतेक थोरलीच्या अक्षरात, छापल्यासारख्या. पण चार-पाच चिठ्ठ्यांवरचं अक्षर वाकडंतिकडं, शेपट्या खाली ओढलेल्या. ते अक्षर मी घरी रोज फ्रिजवर बघते. नवऱ्याचं. तो एक्स-रे विभागात तंत्रज्ञ आहे. या खोलीशी त्याचा काही संबंध नाही. निदान मला तरी त्यानं कधी सांगितलं नाही.

६ सप्टेंबर

जेवताना विचारलं. "सर्व्हर खोलीत तू काय करायचास?"

"कधी?"

"तारांवर तुझं अक्षर आहे."

"अच्छा, ते! शिडी धरायचो. ती वरून सांगायची, मी लिहायचो." आणि हसला. आठवून हसला.

"माझी शिडी कधी धरली नाहीस."

"तू शिडीवर चढतेस कुठे? तू माणसं चढवतेस."

खारू फस्सकन हसली. खारू म्हणजे त्याची मुलगी, थोरलीची. काहीही खाताना दोन्ही हातांत धरून कुरतडते म्हणून खारू. शाळेमुळे आमच्याकडे असते, सुट्टीत आईकडे जाते. मला हाक मारायची वेळ आली की "अगं" म्हणते. तिचं टेबल तिच्या खोलीत आहे, चांगलं मोठं आहे, तरी अभ्यास माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पसरते. मला वाटतं, मी फोनवर काय बोलते ते तिला ऐकायचं असतं. आईला सांगायला.

११ सप्टेंबर

ऑफिसच्या बाजूला दोन्ही पद्धती सुरू केल्या. एकाच तारेतून जुनाही जातोय, नवाही जातोय, एकमेकांच्या पायात पाय नाही. पडद्यावर पहिला लांबलचक पत्ता उमटला तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

अधीक्षक स्वतः बघायला आले. "वा! पाया पक्का होता म्हणून हे इतकं पटकन झालं, नाही?"

पाया. म्हणजे मी फक्त रंग दिला.

घरी आले तर नवरा गॅलरीत फोनवर. आवाज अगदी खाली. मला बघून म्हणाला, "बरं, नंतर बोलू." फोन टेबलावर ठेवला तेव्हा पडद्यावर तिचं नाव होतं.

"काय म्हणते?"

"काही नाही. खारूचं काहीतरी."

खारूचं काहीतरी असेल तर खारूच्या बापानं गॅलरीत जाऊन कुजबुजायचं कारण काय? विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

१५ सप्टेंबर

वाईट दिवस. नोंदणीच्या खिडक्यांवर सकाळपासून कॉम्प्युटरचा पडदा उघडेना. उघडायचा, पण माणूस जांभई देऊन, बूट बांधून, परत वर बघेपर्यंत. रांग फाटकाबाहेर गेली.

कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. रुग्णांची माहिती ज्या सर्व्हरवर आहे त्याचा नवा पत्ता मी जाहीर केला होता. पण त्याच्यावरचा जुनाट प्रोग्रॅम नव्या पत्त्यावर कान देऊन बसलेलाच नव्हता. त्यामुळे खिडकीवरचा प्रत्येक कॉम्प्युटर आधी नव्या दारावर थापा मारायचा, कुणी उघडत नाही म्हणून थांबून राहायचा, आणि मग नाइलाजानं जुन्या दाराकडे वळायचा. दर वेळी. प्रत्येक रुग्णासाठी.

नवा पत्ता मागे घेतला. रांग हलली.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण मागच्या मॅडमच्या वेळी..." मी म्हटलं, "मागच्या मॅडमच्या वेळी तुमच्या डोक्यावर केसही होते." तो हसला बिचारा. मला नंतर लाज वाटली. दुपारी चहा पाठवला त्याला.

गॅलरीत आज पुन्हा फोन.

२० सप्टेंबर

मंगळवारी सर्व्हर खोलीत अगदी खालच्या फळीवर, बॅटऱ्यांच्या मागे, एक छोटा जुना कॉम्प्युटर चालू सापडला. धुळीनं माखलेला. पडदा नाही, कळफलक नाही. वर चिठ्ठी: "काढू नये." बस. कशासाठी, कुणासाठी, काही नाही. अक्षर छापल्यासारखं.

पुढच्या आठवड्यात ती फळी रिकामी करून तिथं नवं यंत्र बसवायचंय. काही दिवस मी त्या डबड्यावर पाळत ठेवली. एक अक्षर आलं नाही, गेलं नाही. त्याच्याशी कुणी बोलत नाही, ते कुणाशी बोलत नाही.

नवऱ्याला सहज म्हटलं. तो म्हणाला, "विचार ना तिला. एक फोन तर करायचाय. नंबर देऊ?"

नंबर देऊ म्हणे. पाठ असेल.

आज दुपारी ते डबडं बंद केलं. कारण पूर्णपणे तांत्रिक आहे. ज्याचा उपयोग कुणालाच सांगता येत नाही असं यंत्र चालू ठेवणं सुरक्षित नसतं, हे कुठल्याही पुस्तकात आहे. चिठ्ठी मी नखानं खरवडून काढली. त्याला मात्र कुठल्या पुस्तकाचा आधार आहे ते विचारू नये.

२४ सप्टेंबर

काहीही बिघडलं नाही. सगळं सुरळीत. "काढू नये" म्हणे.

२९ सप्टेंबर

झालं ते ओळीनं लिहिते.

काल रविवारी दुपारी मागच्या इमारतीतली वीज गेली आणि आली. सगळं परत सुरू झालं, एक सोडून. रक्तपेढीतलं मोठं शीतकपाट. त्याचा दिवा लागला, पण गारवा सुरू झालाच नाही. असं झालं की ड्यूटीवरच्या बाईंच्या फोनवर इशारा यायला हवा. आला नाही. आज सकाळी प्रमुख बाईंनी कपाटाचं दार उघडून पिशवीला हात लावला तेव्हा कळलं. रक्त कोमट.

सगळ्या पिशव्या फेकाव्या लागल्या. नेमकी सकाळी एक बाळंतीण आली, रक्तस्राव थांबेना, आणि तिचा गट सहज न मिळणारा. आमच्याकडे होता तो त्या कपाटात. दुसऱ्या हॉस्पिटलातून रक्त मागवलं. गाडी येईपर्यंत तिची आई बाहेरच्या बाकावर बसून होती. मी तिच्या समोरून तीनदा गेले, एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

गाडी पोचली. बाई वाचली. बाळही ठीक आहे.

मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. प्रमुख बाईंनी "इशारा का नाही आला?" विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खालची फळी आली. तोंडानं मात्र म्हटलं, "बघते." धावत जाऊन डबडं चालू केलं. चालू होईना. इतकी वर्षं अखंड चाललेलं यंत्र एकदा थंड झालं की पुन्हा उठत नाही कधीकधी, हेही पुस्तकात असतं.

अधीक्षकांना जाऊन सांगितलं, मीच बंद केलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "आता त्यांना फोन लावा. माझ्यासमोर."

३० सप्टेंबर

काल फोनचं लिहायचं राहिलं. खरं म्हणजे लिहायचं नव्हतं.

पहिल्या रिंगला उचलला तिनं. "खारूला काही झालं का?" हेच पहिलं वाक्य. माझा नंबर तिच्याकडे होता म्हणजे.

"नाही, खारू मजेत आहे. हॉस्पिटलचं काम होतं." आणि सांगितलं. सगळं. चिठ्ठी खरवडल्याचं सोडून.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "ती बाळंतीण कशी आहे?"

"बरी आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिकडून लांब श्वास ऐकू आला. मग तिनं कागदबिगद न शोधता भडाभडा सांगितलं. त्या शीतकपाटाला एकच पत्ता माहीत आहे, कारखान्यात कायमचा कोरलेला. बदलता येत नाही. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. म्हणून तिनं तो पत्ता एका छोट्या कॉम्प्युटरला देऊन ठेवला. कपाटाची हाक ऐकायची आणि बाईंच्या फोनवर पोचवायची, एवढंच त्याचं काम. "कपाट बिघडल्याशिवाय बोलतच नाही गं. तुला पाळत ठेवून काही दिसणार नव्हतं. रोज एकदा तरी 'मी आहे' म्हणायला लावायला हवं होतं मी त्याला. ती चूक माझी. आणि लिहूनही ठेवलं नाही. त्या दिवसांत मी..." थांबली. "त्या दिवसांत घाईत होते."

शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! मी दोन उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. हा चांगुलपणा मुद्दाम असतो काही माणसांचा. समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नाहीत.

"मी येऊ का रविवारी? दोघी मिळून बसवू." अधीक्षक समोर मान डोलावत होते. मी हो म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "जेवते ना ती नीट?" मी म्हटलं, "दोन्ही हातांनी." ती हसली. तिचं हसू खारूसारखं आहे. म्हणजे खारूचं तिच्यासारखं.

तोवर प्रमुख बाईंनी कपाटापाशी रात्रंदिवस माणूस बसवलाय. तो माझ्याकडे बघत नाही.

४ ऑक्टोबर

उद्या ती येणार. हॉटेलात उतरणार आहे, घरी येणार नाही. तरी मी पडदे धुतले. आरशावरचे डाग काढले. नवऱ्याला नवा शर्ट घाल म्हटलं, मग वाटलं, कशाला? जुनाच घाल. तो म्हणाला, "एक काय ते ठरव."

खारू टेबलाच्या कोपऱ्यावर गणितं करत होती. डोकं वर न करता म्हणाली, "अगं, तू आईशी भांडणार आहेस का?"

"नाही. का?"

"भांडलीस की नंतर दोन-दोन दिवस बोलत नाहीस. मग घरात बोअर होतं."

घ्या. घरातली करमणूक म्हणून ठेवलंय मला.

"आणि तू काहीतरी खा," म्हणाली. "सकाळपासून नुसता चहा पितेयस." आता माझ्या चहाचाही हिशोब ठेवते ही पोरगी.

५ ऑक्टोबर

आली.

मी मनात कुणीतरी उंच, तलवारीसारखी बाई उभी केली होती. फोटो बघितलेत, पण फोटोत उंची कळत नाही. ही माझ्या खांद्याला लागते. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. केस पांढरे होतायत, रंगवलेले नाहीत. फाटकावरच्या रखवालदारानं सलाम ठोकला. नोंदणीचा कारकून खिडकी सोडून बाहेर आला. रक्तपेढीच्या प्रमुख बाईंनी तर मिठीच मारली. मी त्या सगळ्या लवाजम्याच्या मागून, तिची पिशवी घेऊन. पिशवी मीच मागून घेतली होती, हे खरं. पण तिनं दिली, हेही खरं.

सर्व्हर खोलीत मी मुद्दाम माझी खुर्ची सोडून उभी राहिले. बघूया म्हटलं. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "तू चालव, मी बघते."

मग तिनं माझी मांडणी बघितली. कुठे दोन्ही पद्धती, कुठे दुभाषा, कुठल्या विभागाला नव्या पत्त्यांचा कुठला गठ्ठा. चष्मा डोळ्यावर चढवून हळूहळू. मी उगाच तारा आवरत होते.

"हे छान केलंयस," म्हणाली. "नवे पत्ते पण मजल्याप्रमाणे लावलेस?"

"तुमचीच पद्धत."

"मी विभाग तोडले होते. तू वॉर्ड पण तोडलेत. मला सुचलं नव्हतं."

मी त्या वाक्यात काटा शोधला. दुपारपर्यंत शोधत होते. सापडला नाही.

नव्या यंत्राला आम्ही कपाटाचा तो कायमचा जुना पत्ता दिला, आणि एक नवाही. आता हाक जुन्या भाषेत येणार, निरोप नव्या भाषेत जाणार. आणि दर तासाला यंत्रानं कपाटाला "आहेस का?" विचारायचं, उत्तर नाही आलं तरी ओरडायचं. ते मी लिहिलं. एका ओळीत चुकले, तर ती म्हणाली, "तिथं मी असते तर..." आणि गप्प बसली. मग मीच विचारलं, "काय केलं असतंत?" मग सांगितलं. बरोबर होतं.

आणखी कोणकोणती यंत्रं अशी एकाच पत्त्याला चिकटून बसलीत, ते तिनं आठवून सांगितलं. सगळी मी आधीच शोधली होती. उलट एक मी सांगितलं, शस्त्रक्रियेच्या खोलीतलं. ती गेल्यावर आलेलं. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाली. वरून शांत राहिले, पण आतून उडी मारली.

चाचणीसाठी प्रमुख बाईंनी कपाटाची तापमान मोजायची सळई गरम पाण्याच्या पेल्यात बुडवली. आम्ही तिघी त्यांच्या फोनकडे बघत उभ्या. फोन किंचाळला. बाई दचकल्या, पेला पडला, आणि तिघींनाही हसू आवरेना. कपाटापाशी बसवलेला माणूस उठून आधी माझ्याकडे बघून हसला. मग घरी गेला.

नवरा चहा घेऊन आला. पहिला पेला मला दिला. मग तिला दिला, बिनसाखरेचा. न विचारता. मला मात्र अजून विचारतो, "एक चमचा ना?" आणि मी रोज सांगते, दीड.

तो गेल्यावर तिनं तार गुंडाळत म्हटलं, "महिनाभर त्याला फोन करतेय मी. तुला कळलंच असेल."

"हो."

"मी मोठं घर घेतलं तिकडे. खारूला कायमची पाठव म्हणत होते. तो म्हणाला, तू पोरीलाच विचार. सुट्टीची वाट बघवेना, म्हणून फोनवरच विचारलं."

नवऱ्याबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते सगळं ओळीनं आठवलं, आणि त्यातलं काहीच या धक्क्याच्या जवळपासही नव्हतं. "मग?"

"नाही म्हणाली."

"का?"

"कारण नाही सांगितलं." तार गुंडाळून झाली होती तरी ती गुंडाळतच होती. "मीही विचारलं नाही. बरं झालं नाही विचारलं."

आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. शाळेतल्या मैत्रिणींमुळे नाही म्हणाली असेल खारू. या वयात मैत्रिणी सुटत नाहीत.

रात्री नवऱ्याला म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरली असतीस."

"मी कशाला घाबरू?"

त्यानं दिवा बंद केला.

८ नोव्हेंबर

समूहाच्या मुख्य केंद्राशी आज जोडणी झाली. नोंदणी, प्रयोगशाळा, एक्स-रे, रक्तपेढी, सगळं तिकडे दिसतं. नोंदणीवरचा पडदा बोट उचलायच्या आत उघडतो. जुने पत्ते अजून सगळे जागेवर आहेत आणि माझ्या निवृत्तीपर्यंत तरी राहतील असं दिसतंय.

अधीक्षकांनी सूचनाफलकावर आभाराचं पत्र लावलं. दोघींची नावं. तिचं आधी. मी नंतर जाऊन बघितलं, वर्णानुक्रमे लावलीत का. नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाळंतपणाच्या वॉर्डात गेले. ती बाई तपासणीला आली होती, बाळ घेऊन. मी ओळख दिली नाही. नुसतं बाळाच्या तळपायाला बोट लावलं. तिच्या आईनं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "इथलीच."

१९ डिसेंबर

खारूची सुट्टी सुरू. नेहमी आम्ही तिला एसटीत बसवून देतो, या वेळी थोरली स्वतः न्यायला आली. तिची गाडी आमच्या दारात.

खारू धावत गेली आणि आईच्या गळ्यातच पडली. तो चष्मा दोघींच्या मध्ये चेंगरला. नवरा बाजूला उभा होता, थोरलीनं त्याला नुसतं "बरा आहेस?" विचारलं, तो "हो" म्हणाला. त्या दोघांकडे मी बघितलंसुद्धा नाही. मी बघत होते तिचा हात. खारूच्या केसांवरून फिरत होता. इतका मत्सर मला त्या गॅलरीतल्या फोनांचाही झाला नव्हता. मी आत जाऊन खारूचा स्वेटर शोधत बसले. तो तिच्या अंगातच होता.

बाहेर आले तेव्हा खारू पुढच्या सीटवर बसली होती आणि थोरली वाकून तिचा पट्टा लावत होती. खारूनं काच खाली केली.

"अगं, रविवारी फोन कर हं. बाबाला नको सांगूस. तो विसरतो. तूच कर."

पट्टा लावणारा हात थांबला. थोडाच वेळ. मग खट् आवाज आला, पट्टा बसला. थोरली सरळ उभी राहिली, चष्मा नीट केला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिनं फक्त मान हलवली, आणि गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला गेली.

मला इतका आनंद झाला की तिच्यासमोर तो कुठे ठेवावा कळेना.

गाडी वळेपर्यंत खारू हात हलवत होती. नवरा म्हणाला, "चल आत." मी म्हटलं, "थांब जरा." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "चहा करतो. दीड ना?" मी त्याच्याकडे बघितलं, पण तो सहजच बोलून गेला होता.

रविवारी फोन करायचाय. फोन आधी थोरलीच उचलणार, तिच्याच घरी आहे पोरगी. तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवून ठेवायला हवं. शस्त्रक्रियेच्या खोलीतलं ते यंत्र परवापासून मध्येच गप्प होतंय, त्याचं विचारीन. खरं तर कारण माझ्या लक्षात आलंय. तरी विचारीन.